बीठिव्या ऐकला, मग दिसला

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास, मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळजवळच्या एका पाड्याखालच्या ओहोळात नवरंग पक्षी ओरडला. पाड्यातल्या तिघांनी तो ऐकला: सोमीबाई, त्यांचे शेजारी देवजी आणि देवजींची बायको. त्याच दिवशी दुपारच्या आत सोमीबाईंनी भाजलेल्या राबावर, कोरड्या मातीत, भाताचे बी पेरले. पाऊस झालेला नव्हता.

मी तेव्हा पाड्यावर नव्हतो. जव्हार तालुक्यात साखरशेतला होतो. त्याआधीचे दोन दिवस आणि नंतरचे चार दिवस जे पाहिले, ते इथे क्रमाने लिहिले आहे.

चिंचणी, सोमवार

पालघर जिल्ह्यात वसंत संपताना पक्ष्यांचे दोन बदल जवळजवळ एकाच वेळी होतात. हिवाळाभर किनाऱ्यावर राहिलेले पाहुणे उत्तरेकडे निघून गेलेले असतात आणि पावसाआधी डोंगरात येणारे पाहुणे यायचे असतात. एकाच आठवड्यात दोन्ही पाहावे, असा बेत होता. म्हणून सुरुवात समुद्रापासून केली.

ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावर अर्धा तास चाललो. तुतारी म्हणतात ते लांब चोचीचे, चिखलात टोचत चालणारे पक्षी हिवाळ्यात इथे थव्यांनी असतात. त्या दिवशी पाच दिसले. पाचही फिके, बहुधा गेल्या वर्षी जन्मलेले. अशी पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात कधी कधी परत जात नाहीत. कुरव, म्हणजे सीगल, एकही नव्हता. काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि एक बाई त्यांची राखण करत होत्या. पक्षी कुठे गेले, असे विचारल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

“गेली ती. मासेमारीची बंदी आमाला, पण सुट्टी आधी तीच घेतात.”

दुपारच्या एसटीने डोंगराकडे निघालो. विक्रमगड मागे पडल्यावर ताडाची झाडे विरळ होतात आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. जव्हारला उतरलो तेव्हा हवा किनाऱ्याइतकीच गरम होती, पण घाम वाळत होता.

जामसर, मंगळवार

जामसरला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. त्यांचे नाव काशिनाथ. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची आणि माझी ओळख फोनवरची. दर वर्षी पावसाआधी कोणता पक्षी कधी आला, याची ते एका जाड वहीत नोंद ठेवतात. प्रत्येक पक्ष्यापुढे दोन रकाने आहेत: ‘ऐकला’ आणि ‘दिसला’. नवरंगाच्या पानावर पहिला रकाना सगळ्या वर्षांचा भरलेला होता. दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी रेघ होती.

नवरंग हा मैनेपेक्षा थोडा लहान, आखूड शेपटीचा पक्षी. पाठ हिरवी, पोट बदामी, शेपटीखाली लाल, खांद्यावर निळा, डोळ्यावरून काळा पट्टा. एवढे रंग अंगावर असून तो क्वचित दिसतो, कारण दाट झाडीत जमिनीवरचा पाला उलटत फिरतो. पहाटे आणि संध्याकाळी मात्र दोन सुरांची मोठी शीळ घालतो. ती अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येते. एक सूर लांब आणि चढा, दुसरा आखूड आणि उतरता.

माझे गाव बार्शीकडे. तिथे नवरंग नाही, पावशा आहे. तो ‘पेरते व्हा’ म्हणतो असे आमच्याकडे लहानपणापासून ऐकतात, आणि पाऊस झाल्यावर तिफण चालते. इथली रीत वेगळी आहे. इथे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर पसरतात, वर माती टाकतात आणि जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. त्या राखेच्या वाफ्यात बी पेरून रोप करायचे आणि मग ते उपटून भातखाचरात लावायचे. बी कधी टाकायचे, एवढाच प्रश्न असतो.

“नवरंग सांगतो,” गुरुजी म्हणाले. “तो ‘बी ठेव’ म्हणतो. खेड्यात ‘बी ठिव’. बीऽऽ, ठिव. म्हणून पाड्यावर त्याला बीठिव्याच म्हणतात. नवरंग हे नाव पाहणाऱ्यांनी ठेवलेलं. ज्यांनी नुसता ऐकला, त्यांना रंग काय ठाऊक?”

मी विचारले, ठेव म्हणजे काय करायचे. गुरुजी हसले. जामसरमध्ये त्याचा अर्थ राखून ठेव असा घेतात. पक्षी बोलला की बियाणे उन्हात घालायचे, पाखडायचे आणि पुन्हा घरात ठेवायचे. पेरायचे पाऊस झाल्यावर. वर सूर्यमाळकडे काही जुनी घरे त्याचा अर्थ मातीत ठेव असा घेतात. पाऊस नसतानाच धुळीत पेरतात. पाऊस वेळेवर आला तर त्यांचे रोप सगळ्यांच्या आधी तयार. अर्धवट आला तर बी फुटते आणि उन्हात मरते. लांबला तर होले पक्षी, उंदीर आणि मुंग्या ते नेतात.

“एकच शब्द आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्या पाखराचं व्याकरण काही मला तपासता आलं नाही.”

सोमीबाईंचे नाव मी पहिल्यांदा इथे ऐकले. त्या पाड्यात बहुतेक सगळे आता बाजारातले पिशवीचे बियाणे आणतात. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, लाल भाताचे घरचे बी फक्त सोमीबाईंकडे उरले आहे. गेल्या वर्षी कापणीला पाऊस सापडला, त्यामुळे यंदा ते नेहमीपेक्षा कमी आहे. ते गेले तर उसने मागायला दुसरे घर नाही. हे गुरुजींनी सांगितले आणि वही मिटली.

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर, उडदाचे भुजे आणि कैरीचे लोणचे होते. भुजे म्हणजे भाजलेल्या उडदाचे दाट पिठले. मी दोनदा घेतले. गुरुजींच्या पत्नींनी तिसऱ्यांदा वाढताना विचारले नाही.

साखरशेत, बुधवार

साखरशेतला गेलो ते पावशा ऐकायला. तो ऐकला नाही. स्वर्गीय नर्तकाची मादी दिसली, नर नाही. विहिरीजवळच्या आंब्यावर पिवळा हळद्या पक्षी होता.

गावात छपरांची कामे चालू होती. एका घरावर चार जण कौले उतरवून, झाडून पुन्हा बसवत होते. त्यातले दोघे आदल्या रात्री वीटभट्टीवरून परतले होते. भट्ट्या पावसाआधी बंद होतात आणि या दिवसांत टेम्पो भरून माणसे गावी येतात. मी पाहुण्या पक्ष्यांची चौकशी करतो आहे हे कळल्यावर वरून आवाज आला, “आमी बी पाहुणेच. लिवा. भिवंडीहून आली, दोन नर, दोन मादी, तीन पिल्लं.” बाकीचे हसले. खाली कौले देणारी त्याची बायको म्हणाली की नर दिवाळीला परत उडतो, पिल्ले आणि मादी कौले मोजत बसतात.

साडेदहाला गुरुजींचा फोन आला. सूर्यमाळहून देवजींनी कळवले होते. देवजी हे गुरुजींचे जुने विद्यार्थी. बीठिव्या पहाटे बोलला, मागच्या काही वर्षांच्या मानाने लवकर. गुरुजींनी ‘ऐकला’ रकान्यात बुधवार लिहिला होता. दुसऱ्या रकान्यासाठी मी वर जावे, अशी त्यांची इच्छा होती. सोमीबाई बी पेरायला निघाल्या आहेत, हेही त्यांनी सांगितले.

सूर्यमाळ, गुरुवार

खोडाळ्यापर्यंत जीप मिळाली, तिथून देवजी मोटारसायकलवर घेऊन गेले. शेवटच्या चढावर मागचे चाक पंक्चर झाले आणि आम्ही दीड किलोमीटर गाडी ढकलली. डोंगर तपकिरी होता. साग निष्पर्ण, कारवी वाळलेली. हिरवे फक्त ओहोळात होते, जांभूळ आणि करंजाच्या दोन रांगा. वाटेत डोक्यावर तीन-तीन हंडे घेतलेल्या बायका भेटल्या. विहिरीचे पाणी तळाला गेले होते आणि हंडा एकेक वाटीने भरावा लागत होता. वाफ्याला पाणी घालून बी जगवणे, हा विचारच इथे कोणी करत नाही.

पाड्यावर अकरा घरे आहेत. सोमीबाईंचे शेवटचे. वय त्यांना सांगता आले नाही. नातवाचे लग्न झाले आहे, एवढे त्यांनी सांगितले. मुलगा आणि सून भट्टीवरून अजून यायचे होते. नवरा वारला आहे. राबाचा वाफा घराच्या मागच्या उतारावर होता, काळा, चौकोनी, वर बोरीच्या काटेरी फांद्या पसरलेल्या. चार होले फांद्यांच्या कडेने चालत होते. सोमीबाईंनी हातातला खडा न बघता मारला. तो बरोबर त्यांच्या मधे पडला.

मी विचारले, पाऊस कधी येईल असे वाटते.

“मला काय इचारता, भाऊ? ज्यानं बी ठिव सांगितलं, त्याला इचारा.”

त्यांनी बीठिव्या कधी पाहिला आहे का, असे मी विचारले. नाही. सासूनेही पाहिला नव्हता. तो बोलतो, दिसत नाही. पाहायचे काय त्यात, असे त्यांचे म्हणणे होते. मी पक्ष्याचे चित्र दाखवले. त्यांनी ते हातभर लांब धरून पाहिले आणि परत दिले. हा पोपट आहे, असे त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सहा चाळीसला मी देवजींच्या ओटीवर बसलो होतो. ओहोळातून शीळ आली. लांब चढा सूर, आखूड उतरता सूर. स्पष्ट, मोठी, पुन्हा पुन्हा. सोमीबाईंनी आपल्या दारातून माझ्याकडे हात केला. रेंज मिळते त्या खडकावर चढून मी गुरुजींना फोन केला आणि मीही ऐकला असे कळवले. माझ्या वहीत तसे लिहिले. ती नोंद चुकीची होती.

शुक्रवार

पहाटे पाचला ओहोळात उतरलो. जांभळाच्या बुंध्याशी बसलो, तर लाल मुंग्यांच्या वाटेवर. जागा बदलावी लागली. रानकोंबडा दोनदा ओरडला. मग कुटुरगा पक्षी सुरू झाला. पाच पंचवीसला नवरंग.

मी हाका मोजायला लागलो. नऊ हाका झाल्या, त्यानंतर लांबून रेल्वेची शिटी आली, मग सहा हाका, मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा नऊ हाका, पुन्हा शिटी, पुन्हा सहा हाका. तिसऱ्या वेळीही तसेच.

सूर्यमाळला रेल्वे नाही. सगळ्यात जवळचा रूळ डोंगर उतरून कसाऱ्याला आहे. तिथली शिटी इथे ऐकू येत नाही.

आवाजाच्या दिशेने ओहोळ चढत गेलो. सुमारे दोनशे पावलांवर हिरव्या जाळीखाली दोन माणसे मोठ्या कॅमेऱ्यांमागे बसली होती. त्यांच्या पुढे, दगडावर, मुठीएवढा काळा स्पीकर होता. बाजूला चाळिशीचा एक माणूस उकिडवा बसलेला. त्याने ओठांवर बोट ठेवून मला खाली बसायची खूण केली.

त्याचे नाव यशवंत. भिवंडीत पंधरा वर्षे टेम्पो चालवून तो परतला आहे आणि खोडाळ्याजवळ उतरणाऱ्या पाहुण्यांना पक्षी दाखवतो. मी त्याला बाजूला घेतले. त्याने काही लपवले नाही.

“गेस्ट लोकांना फोटो पाहिजे, सर. पाखरू अजून आलं नाय. पण समजा आलंच असेल, तर आवाज ऐकून उघड्यावर येतं. समजतं त्याला, दुसरा कोण घुसला इथं.”

आवाज कधीपासून लावतो, असे विचारले.

“मंगळवार संध्याकाळपासून. सकाळ-संध्याकाळ. बुधवारी तर फुल ठेवला होता.”

बुधवारी वरच्या पाड्यात सोमीबाईंनी तो ऐकून बी पेरले, हे मी सांगितले. यशवंतने स्पीकरकडे पाहिले. सोमीबाई त्याच्या सख्ख्या मामी, हे मला तोवर माहीत नव्हते.

“मामीनी बी टाकलं? ह्याच्यावर?”

त्याने जाऊन स्पीकर बंद केला. जाळीखालच्या एकाने “एक बार और बजाओ” असे म्हटले. यशवंतने बॅटरी खतम झाल्याचे सांगितले. स्पीकरवरचा हिरवा दिवा चालू होता. त्याने त्यावर रुमाल टाकला.

साडेसातला आम्ही दोघे पाड्यावर गेलो. सोमीबाई अंगणात मोहाच्या बिया फोडत बसल्या होत्या. यशवंतने आधी पाणी मागितले, मग मामेभावाची चौकशी केली, मग गाय कधी व्यायची ते विचारले. सोमीबाईंनी दगड खाली ठेवला.

“पाहुण्यासारखा काय बोलतोस? काय केलंस?”

“मामी, बुधवारचा बीठिव्या मी होतो.”

“तू? तोंडानी?”

“नाय. ह्यानी.” त्याने खिशातून स्पीकर काढला.

“लाव.”

त्याने लावला. अंगणात आवाज फारच मोठा वाटला. देवजी आपल्या ओटीवरून उठून आले. सोमीबाई मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. नऊ हाकांनंतर शिटी आली तेव्हा त्यांनी बोट वर केले.

“ही कंची गाडी?”

“रेल्वे, मामी. जिथं भरला आवाज, तिथली.”

“तवा बी वाजली व्हती. मला वाटलं खोडाळ्याचा टेम्पो.”

यशवंत म्हणाला की त्यांनी पेरले हे त्याला ठाऊक नव्हते. कोणी आता बीठिव्यावर पेरत असेल असे त्याला वाटलेच नाही. सोमीबाईंनी एक बी फोडली, आतला दाणा सुपात टाकला.

“बरं. आता त्याच्यातनं पाऊस बी लाव.”

देवजी हसायला लागले आणि थांबले. यशवंतने स्पीकर खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

मी सोमीबाईंना विचारले की किती बी गेले. सगळे गेले असणार, असे मी धरून चाललो होतो. गुरुजींनीही तसेच धरले होते. सोमीबाईंनी माझ्याकडे पाहिले, उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पेंढ्याचा, दोरीने आवळलेला गोळा होता. याला मुडा म्हणतात. बियाणे त्यात राखतात.

“तो पेर म्हणत नाय, भाऊ. ठिव म्हणतो. मातीत ठिव, का घरात ठिव, ते बोलत नाय. म्हणून निम्मं मातीत ठिवलं, निम्मं घरात. माझी सासू तसंच करी.”

मग बाकीचे निम्मे कधी पेरतात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की पहिला वाफा कसा निघतो ते बघून, पाऊस लागल्यावर. पण यंदा मुडाच लहान. निम्मे गेले तर उरलेल्यात तीन खाचरे भागत नाहीत. शिवाय आता उरलेले कशाच्या भरवशावर टाकायचे, हा प्रश्न होता. पक्षी आला की नाही, हेच माहीत नव्हते.

“आता ऐकून नाय टाकायचं,” त्या म्हणाल्या. “बघून टाकीन. दाखव मला तो.”

हे त्यांनी यशवंतला सांगितले. त्याने मान डोलावली.

दुपारी खडकावरून गुरुजींना फोन केला. बुधवारची आणि माझी, दोन्ही नोंदी खोट्या, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ पाने उलटल्याचा आवाज येत होता. खोडू का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, खोडा. गेल्या वर्षीचेही खरे होते की नाही, असे ते स्वतःशी म्हणाले.

शनिवार

पाहुणे एक दिवस आधीच गेले. स्पीकर लावणार नाही, असे यशवंतने सांगितल्यावर त्यांना थांबण्यात अर्थ वाटला नाही. यशवंत सकाळी नऊपासून मामीच्या वाफ्याजवळ होले हाकत बसला. सोमीबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण जेवणाच्या वेळी ताट वाफ्यावर पाठवले. नागलीची भाकर आणि शेवळ्याची भाजी. शेवळे म्हणजे या दिवसांत जमिनीतून निघणारे जांभळट कोंब. ते घशाला खाजतात, म्हणून त्यात काकड नावाचे आंबट फळ घालतात. यशवंतच्या ताटातल्या भाजीत काकड कमी पडले होते. तो संध्याकाळपर्यंत खाकरत होता. चुकून कमी पडले की कसे, हे देवजींच्या बायकोने सोमीबाईंना विचारले. त्यांनी चुलीत लाकूड सारले.

पहाटे आणि संध्याकाळी मी ओहोळात होतो. नवरंग ऐकला नाही.

दुपारी तीनला ढग आले आणि दहा-बारा मिनिटे पाऊस पडला. बार्शीकडे अशा पावसाला कोणी नावे ठेवली नसती. इथे सोमीबाई पाऊस थांबताच वाफ्यावर गेल्या, फांदी उचलली आणि बोटाने माती उकरली. ओल दोन बोटे गेली होती. खाली कोरडे. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले. दोन फुगले होते. गुरुजींनी मंगळवारी सांगितलेला अर्धवट पाऊस तो हाच. यशवंतने पाला आणून वाफ्यावर टाकायला सुरुवात केली, म्हणजे ओल टिकेल. सोमीबाईंनी त्याला कुठे दाट टाकायचा ते दाखवले. सकाळपासून त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या.

रविवार

पहाटे पावणेपाचला सोमीबाई, यशवंत आणि मी ओहोळात उतरलो. यशवंतच्या खिशात स्पीकर नव्हता. त्याने खिसे उलटे करून मामीला दाखवले. त्या म्हणाल्या की पुरे झाले, चल. त्याने जागा निवडली. करंजाखाली ओलसर पाला, समोर आडवी पडलेली फांदी. बोलायचे नाही, हलायचे नाही, असे त्याने सांगितले. आपण रोज लाकडे न्यायला येतो तिथेच कसे बसायचे ते हा शिकवतो, असे सोमीबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

पाच एकतीसला शीळ आली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन, लागोपाठ. मग जागा बदलून, उजवीकडून, एक. मी मोजत होतो आणि त्यात क्रम सापडत नव्हता. शिटी आली नाही. यशवंतने माझ्याकडे पाहून बोट वर केले.

पाच बावन्नला समोरचा पाला हलला. पक्षी चालत आला. दोन उड्या, थांबणे, चोचीने पान उलटणे, पुन्हा दोन उड्या. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा. वळला तेव्हा शेपटीखालचा लाल दिसला. यशवंतने मामीच्या कोपराला हात लावून दिशा दाखवली. त्यांना आधी सापडला नाही. मग सापडला, हे त्यांच्या मानेवरून कळले. ती पक्ष्याबरोबर हळूहळू फिरत होती.

“एवढासाच?” त्या कुजबुजल्या. आणि थोड्या वेळाने, “पाला कसा उलटतोय. काय तरी हरवलंय त्याचं.”

हाच तो कशावरून, असेही त्यांनी विचारले. बोलला तर मानीन, म्हणाल्या. आम्ही थांबलो. पाच अठ्ठावन्नला पक्षी आडव्या फांदीवर चढला, मान मागे टाकली आणि ओरडला. बीऽऽ, ठिव. आमच्यापासून अंतर दहा-बारा हात. आवाजाबरोबर त्याचे सगळे अंग हलत होते. तो तीनदा ओरडला आणि उडाला.

सोमीबाई उठल्या. गुडघे धरले होते, म्हणून यशवंतने हात दिला. तो त्यांनी घेतला.

घरी येऊन त्यांनी चहा केला. दूध नव्हते. मग भाजून ठेवलेल्या दुसऱ्या, छोट्या वाफ्याची माती हाताने मोकळी केली. मुडा सोडला. पाऊस लागेपर्यंत थांबायची त्यांची रीत. यंदा ती मोडता का, असे देवजींनी विचारले. सोमीबाई म्हणाल्या, पहिल्या वेळी पाखराने सांगितलेच नव्हते; ते बोलले आज, म्हणून त्याच्या सांगण्याचे मातीत ठेवायचे अजून बाकी आहे. त्यांनी मुड्यातल्या बियाचे चार वाटे केले, तीन वाफ्यात टाकले, एक घरात ठेवायला परत बांधला. साडेनऊला पेरणी संपली. काटेरी फांद्या यशवंतने आणल्या.

खडकावरून गुरुजींना फोन केला. नवरंग, रविवार, ऐकला पाच एकतीस, दिसला पाच बावन्न. कोणी पाहिला, असे त्यांनी विचारले. मी तीन नावे सांगितली. त्यांनी ती वहीत लिहिली, सोमीबाईंचे पहिले.

मी दुपारच्या जीपने उतरलो.

नंतरचे यशवंतने फोनवर कळवले. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. पहिल्या वाफ्यात रोप विरळ आले, दुसऱ्यात दाट. लावणी जुलैत झाली. सोमीबाईंच्या तीन खाचरांपैकी दोन लाल भाताने भरली. तिसऱ्यात देवजींच्या वाफ्यातले, पिशवीच्या बियाण्याचे रोप लावले.